बल्बला कान नसतात

परवा रात्री माझ्या ७४ वर्षांच्या आईने पाचपाखाडीच्या घरात स्टुलावर चढून पॅसेजमधला बल्ब काढला. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम सहा महिने झालेत. सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज शेजारच्या काकूंनी तिला वाचून दाखवला होता: ‘स्मार्ट बल्बमध्ये माइक असतो, घरातलं सगळं बोलणं परदेशात जातं. त्याच्या लहरींनी कॅन्सर होतो. बंद असतानाही वीज खाऊन बिल दुप्पट करतो. नेट गेलं की अंधार. म्हाताऱ्या माणसांच्या घरातून आजच काढा.’ सकाळी मी गेले तर बल्ब दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून गॅलरीत ठेवलेला.

पॅसेजचा बोर्ड बेडरूमपासून लांबच्या टोकाला आहे. रात्री दोनला बाथरूमला जाताना तिथवर काळोखात चाचपडायला लागू नये म्हणूनच तो बल्ब लावला होता. ‘अ‍ॅलेक्सा, पॅसेज की लाइट जलाओ’ एवढं म्हणणं तिला जमलं होतं. आणि तो काढायला तिला स्टुलावर चढवलं या मेसेजने!

त्या बल्बमध्ये एलईडी आहेत आणि वाय-फायची चिप आहे, माइक नाही. ऐकतो तो टेबलावरचा अ‍ॅमेझॉन कंपनीचा स्पीकर. ‘अ‍ॅलेक्सा’ ही हाक तो स्वतःच ओळखतो आणि त्यानंतरचं बोलणं कंपनीच्या सर्व्हरला पाठवतो. तिथून बल्बला निरोप येतो. दिवसभराच्या गप्पा कुठे जात नाहीत. हां, कधीकधी भलत्याच शब्दाला तो हाक समजतो आणि रेकॉर्डिंग कंपनीकडे साठतं, हे खरं आहे. मुलांची रेकॉर्डिंग ठेवून घेतल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनवर कारवाई केली, आणि कंपनीने २.५ कोटी डॉलर दंड भरायचं मान्य केलं. पण त्यावर उपाय स्पीकरवरच आहे: माइकचं बटण दाबलं की लाल दिवा लागतो आणि ऐकणं बंद होतं. जुनी रेकॉर्डिंग अ‍ॅपमधून पुसता येतात. आईची मी कालच पुसली. बल्ब काढून यातलं काय साधलं?

कॅन्सरचं म्हणाल, तर २.४ गिगाहर्ट्झच्या याच लहरी घरातल्या राउटरमधूनही निघतात, आणि मेसेज पाठवणाऱ्यांनी राउटर काही काढलेला नाही.

बिलाचं गणित कोणीही करावं. बंद बल्ब अर्धा वॅट खातो असं धरलं, तरी महिन्याला ०.३६ युनिट होतं. दुप्पट कसलं?

नेट गेलं तर आवाजाने दिवा लागत नाही, एवढं खरं. पण बोर्डवरचं बटण एकदा बंद-चालू केलं की आमचा बल्ब लागतो. उलट ते बटण चुकून बंद राहिलं तर बल्ब हाक मारूनही लागत नाही, म्हणून आईने त्यावर चिकटपट्टी लावली होती. हे तिचं तिला सुचलं होतं.

ज्यांनी हा मेसेज पुढे ढकलला त्यांनी तो ग्रुपवरून काढावा, आणि आपल्या आईवडिलांना फोन करून विचारावं, कोणी स्टुलावर चढलं होतं का.