प्रशासकच बरे होते, असं म्हणण्याआधी

१५ जानेवारी २०२६ ला महाराष्ट्रातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं, आणि त्यानंतर पुण्यातल्या माझ्या जवळच्या माणसांकडून एक वाक्य सारखं ऐकू येऊ लागलं: प्रशासक होते तेच बरं होतं. चौकाचौकांत फ्लेक्स परत आले, वाढदिवसाच्या कमानी आल्या, टक्केवारीच्या गोष्टी पुन्हा सुरू झाल्या. आयुक्त एकटे होते तेव्हा निदान फाईल तरी हलत होती, असं त्यांचं म्हणणं. ही माणसं मिळकतकर वेळेत भरणारी, ओला-सुका कचरा वेगळा करणारी आहेत, त्यामुळे त्यांचा वैताग मी हलका मानत नाही. पण मी इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात राहतो, इथल्या कौन्सिलचा, म्हणजे महापालिकेचा, कारभार जवळून बघतो, आणि या एका मुद्द्यावर मला त्यांच्याशी भांडायचं आहे.

पुणे आणि मुंबई, दोन्ही महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी, असं राज्यघटनेत स्वच्छ लिहिलेलं आहे. तरीही ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात जवळजवळ चार वर्षं गेली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, तेव्हा कुठे हालचाल झाली. मधल्या काळात नगरसेवक नव्हते, आयुक्तच प्रशासक होते. अंदाजपत्रक आयुक्तांच्याच प्रशासनाने तयार करायचं, स्थायी समितीच्या अधिकारात आयुक्तांनीच ते तपासायचं आणि सर्वसाधारण सभेच्या अधिकारात त्यांनीच मंजूर करायचं, असा प्रकार चालला. मुंबईत तर अतिरिक्त आयुक्त ते आयुक्तांना सादर करत आणि आयुक्त प्रशासक म्हणून स्वीकारत. मुंबईचं २०२२-२३ चं अंदाजपत्रक ४५,९४९ कोटींचं होतं, २०२५-२६ चं ७४,४२७ कोटींचं झालं. पुण्याचं त्याच वर्षीचं १२,६१८ कोटींचं. एवढा पैसा वाढत असताना, उभं राहून 'हा आकडा कशासाठी?' असं विचारण्याचा हक्क असलेला एकही माणूस त्या इमारतीत नव्हता. टक्केवारी बंद झाली होती, की ती फक्त कमी हातांत वाटली जात होती, हे कळायलासुद्धा सभागृह लागतं.

२०२५ च्या गणेशोत्सवाआधी मुंबईत जे घडलं ते मला यासाठीच फार बोलकं वाटतं. रस्त्यात मंडपासाठी खड्डा खणला तर दर खड्ड्यामागे २,००० रुपये दंड होता. प्रशासनाने तो एकदम १५,००० केला. मंडळं संतापली, राजकीय दबाव आला, आणि दंड पुन्हा २,००० वर आला. यातला कोणता आकडा बरोबर, यावर दोन्ही बाजूंना सांगण्यासारखं खूप काही आहे. रस्ता करदात्यांच्या पैशाने झालेला असतो, आणि खांब रोवलेले खड्डे उत्सवानंतर नीट भरले नाहीत की पुढचे कित्येक महिने दुचाकीवाले त्यातून आदळत जातात. दुसरीकडे गल्लीतल्या लहान मंडळाला वीस खड्ड्यांचे तीन लाख भरणं शक्य नसतं. पण हा वाद झाला कुठे? परिपत्रकात, मंत्र्यांच्या दालनात आणि टीव्हीवर. एका खड्ड्याची दुरुस्ती महापालिकेला किती रुपयांना पडते, हा साधा प्रश्न समोरासमोर विचारून त्याचं उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यायला कुणी नव्हतं. दंड वाढला तोही हुकमाने आणि कमी झाला तोही हुकमानेच. पुढच्या वर्षी काय होईल, हे मंडळाला माहीत नाही आणि रस्ते विभागालाही नाही.

लेस्टरमध्येही रस्त्यावरचा मोठा उत्सव आहे. बेलग्रेव्ह रोडवरची दिवाळी गेली चाळीसहून अधिक वर्षं चालते आणि ती कौन्सिल स्वतः भरवते. २०२४ मध्ये दिवाळीच्या दिवशी सुमारे ५५,००० लोक आले होते. दुतर्फा दुकानं असलेल्या, चिंचोळ्या म्हणाव्या अशा रस्त्यावर एवढी माणसं! पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका आणि कौन्सिल यांच्या सुरक्षा सल्लागार गटाने धोक्याचा इशारा दिला, आणि २०२५ मध्ये आतषबाजी आणि रंगमंच दोन्ही रद्द झाले. रोषणाई राहिली, रस्ता वाहनांसाठी बंद राहिला, बाकी उत्सव ओकाबोका. शहरात तीनपैकी एक माणूस भारतीय वंशाचा. लोक दुखावले, निषेध झाला. मलाही तो निर्णय जड गेला. असा सल्लागार गट निवडून आलेला नसतो, त्याच्या बैठका सभागृहासारख्या खुल्या नसतात, आणि 'सुरक्षितता' म्हटलं की पुढे कुणी काही बोलायचं नाही, ही वृत्ती इथेही आहे.

तरी एक फरक आहे आणि तो मोठा आहे. इथे निर्णय घेणाऱ्यावर कुणाची तरी नजर असावी, यासाठी कायद्याने वेगळी खुर्ची मांडलेली आहे. २००० च्या स्थानिक शासन कायद्याने कौन्सिलमध्ये सत्ता चालवणारे आणि त्यांची छाननी करणारे असे दोन गट केले. कचरा, उद्यानं, हवेची गुणवत्ता यांवरही छाननी समितीत अधिकाऱ्याला येऊन उत्तरं द्यावी लागतात. बैठकीची कागदपत्रं किमान पाच पूर्ण दिवस आधी लोकांसाठी खुली करावी लागतात. घेतलेला निर्णय अंमलात येण्याआधी काही कौन्सिलर मिळून फेरविचारासाठी परत बोलावू शकतात. वर्षातून ३० कामकाजाचे दिवस कौन्सिलचे हिशेब, पावत्या, करारपत्रं सामान्य नागरिक जाऊन तपासू शकतो, आणि मतदार असेल तर लेखापरीक्षकाकडे हरकतही नोंदवू शकतो. या हक्काचा वापर करणारे थोडेच असतात. पण अधिकाऱ्याला ते थोडे कोण असतील हे आधी ठाऊक नसतं, आणि त्याचा परिणाम कागदावर दिसतो.

एवढं असूनही इंग्लंडमधल्याच बर्मिंगहॅम शहरात व्हायचं ते झालंच. सप्टेंबर २०२३ मध्ये त्या कौन्सिलने नव्या खर्चावर बंदी घालणारी नोटीस काढली, म्हणजे साध्या भाषेत दिवाळं जाहीर केलं. मार्च २०२५ पासून सफाई कामगारांचा बेमुदत संप सुरू झाला, हजारो टन कचरा रस्त्यांवर साचला, उंदीर फिरू लागले. कौन्सिलर होते, समित्या होत्या, तरी समान वेतनाच्या थकबाकीचा आणि फसलेल्या संगणक प्रणालीचा बोजा वेळेत रोखला गेला नाही. तेव्हा निवडून आलेली माणसं असली की सगळं सुरळीत होतं, असं मी म्हणत नाही. पण लंडनहून, म्हणजे केंद्र सरकारकडून, आयुक्त नेमले गेले ते कौन्सिलरांच्या जोडीला. सभागृह बंद केलं नाही. कराची वाढ २०२४ मध्ये जवळजवळ १० टक्के झाली, आणि ती कुणी मंजूर केली, कुणी विरोध केला, हे नावानिशी नोंदलेलं आहे. लोकांना राग काढायला पत्ता आहे.

आपल्याकडे जे आहे ते पाहिलं की मला खरं तर जास्तच हळहळ वाटते, कारण काही बाबतींत पुणं लेस्टरच्या पुढे आहे. पुणे महापालिकेत अनेक वर्षं दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिक माहिती अधिकाराचा अर्ज न करता कागद पाहू शकत. ही सोय इथल्या वर्षाकाठच्या ३० दिवसांपेक्षा कितीतरी उदार होती. सहभागी अंदाजपत्रकात नागरिकांनी प्रभागातली कामं सुचवायची पद्धत पुण्यात जवळपास वीस वर्षांची आहे. आणि 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था! दारोदार फिरून कचरा उचलणारी बाई त्या संस्थेची सभासद आहे, कुणाची रोजंदार नाही. लेस्टरच्या कचऱ्याचा करार २००३ मध्ये एका खासगी कंपनीशी २५ वर्षांसाठी झाला. २५ वर्षांत शहर बदलतं, घरातला कचरा बदलतो, करार मात्र तोच.

तेव्हा कमी पडतात ती साधनं नव्हेत. सभागृहं परत आली आहेत, आणि त्यांच्या जुन्या खोडीही सगळ्यांना माहीत आहेत: कुणी वाचलेही नसतील असे ऐनवेळचे विषय घाईत मंजूर करणं, सांडपाण्यासाठी ठेवलेला पैसा वर्षाच्या मध्यात वर्गीकरण करून पेव्हर ब्लॉककडे वळवणं, कोरमअभावी सभा तहकूब करणं. या खोडींवर प्रशासक हा इलाज मुळीच नव्हता. प्रशासकाच्या काळात वर्गीकरणाला विरोध करणाराच उरला नव्हता.

या वर्षीच्या गणेशोत्सवाआधी दोन्ही शहरांच्या नगरसेवकांनी एक विषय वेळेत, कागदांसह सभेपुढे आणावा असं मला मनापासून वाटतं. मागच्या उत्सवात निर्माल्य आणि मूर्ती उचलायला किती माणसं लावली, कंत्राट कुणाला गेलं, फिरते हौद आणि कृत्रिम तलाव यांचा खर्च किती आला. मुंबईत २०२५ ला सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायच्या असा नियम होता. त्या प्लास्टर ऑफ पॅरिसचं पुढे काय केलं, गाळ कुठे टाकला. रस्त्यातल्या एका खड्ड्याची दुरुस्ती कितीला पडली, आणि मिरवणूक तीस तास चालल्यावर झाडायला आलेल्या कामगाराला जादा कामाचे पैसे मिळाले का. मंडळांचे कार्यकर्ते सभेत बसू शकतील अशी सोय करा, त्यांनाही बोलू द्या. दंड २,००० ठेवायचा की १५,०००, हे त्या उत्तरांनंतर ठरवा, मतदान घ्या, आणि कुणी कोणत्या बाजूने हात वर केला ते इतिवृत्तात लिहा. माझ्या पुण्यातल्या माणसांना एवढंच सांगणं आहे की ती सभा होईल तेव्हा प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसा, आणि ते इतिवृत्त नंतर मागून घ्या.