प्रेपोझिशनची यादी तोंडपाठ, तरी उतारा का कळत नाही?

शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक सल्ला सारखा फिरतो: मराठी माध्यमाच्या मुलांकडून रोज दहा प्रेपोझिशन अर्थासकट पाठ करून घ्या, महिन्याभरात इंग्रजी उतारे समजू लागतील. सोबत यादी असते, ‘इन म्हणजे आत, ऑन म्हणजे वर, बाय म्हणजे ने’. तळमळ खरी आहे, पण या यादीने मुलं आणखी गोंधळतात. त्यामागचे चार गैरसमज एकेक करून पाहू.

‘एका प्रेपोझिशनला एक मराठी अर्थ.’ बसने, चाकूने, रागाने या तिन्हींत आपला एकच ‘ने’. इंग्रजीत तिथे बाय, विथ आणि इन येतात. ‘पर्यंत’ त्याहून फसवं. ‘सबमिट इट बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारपर्यंत कधीही एकदा द्या. ‘द शॉप इज क्लोज्ड अन्टिल फ्रायडे’ म्हणजे तोवर दुकान सलग बंद. गणितातही हेच. ५० रुपयांची वस्तू ‘रिड्यूस्ड बाय २०’ झाली तर ३० ला मिळते, ‘रिड्यूस्ड टू २०’ झाली तर २० ला. मुलाला वजाबाकी येते, तरी उत्तर चुकतं. म्हणून अशा जोड्या एकाच वाक्यात घालून शिकवाव्यात आणि अर्थ कसा बदलला ते मुलांनाच सांगायला लावावं.

‘पेटी आणि चेंडूची चित्रं दाखवली की झालं.’ पहिली-दुसरीला ठीक. महाराष्ट्रात २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. सहावीपर्यंत इन, ऑन, अंडर कानावरून गेलेले असतात. मुलं अडतात ती वाक्याच्या बांधणीत. हे वाक्य घ्या: ‘द बुक ऑन द टेबल निअर द विंडो इज माइन.’ मराठीत: खिडकीजवळच्या टेबलावरचं पुस्तक माझं आहे. क्रम पुरता उलटला! शब्दयोगी अव्यय नामाला मागून चिकटतं, प्रेपोझिशन नामाच्या आधी उभं राहतं. ‘माझं काय आहे?’ असं विचारलं की मूल ‘खिडकी’ म्हणतं, कारण ‘इज’च्या लगेच आधी तीच दिसते. त्याला शब्द सगळे येत असतात.

यावर उपाय मराठीतच आहे. ‘शी पुट द बुक ऑन द टेबल’ इथे ‘टेबलावर’. ‘द बुक ऑन द टेबल इज टॉर्न’ इथे ‘टेबलावरचं’. हा ‘चं’ इंग्रजीत दिसत नाही, तो वाचणाऱ्याने मनात लावायचा असतो. म्हणून उताऱ्यातली चार-पाच वाक्यं फळ्यावर लिहा. प्रेपोझिशनपासून त्याच्या नामापर्यंत कंस करा. कंस झाकून वाचून घ्या: ‘द बुक इज माइन’. मग एकेक कंस उघडत विचारा: कुठलं पुस्तक? कुठलं टेबल? ‘वर’ की ‘वरचं’? पंधरा मिनिटं पुरतात. दोन ठिकाणी मात्र हमखास चूक होते. ‘टू गो’मधल्या ‘टू’पुढे क्रियापद आहे, तिथे कंस नको. ‘लुक आफ्टर’, ‘गिव्ह अप’ यांतला दुसरा शब्द क्रियापदाचाच भाग आहे. तो तोडला की ‘सांभाळणं’चं ‘नंतर बघणं’ होतं.

‘रिकाम्या जागा बरोबर भरल्या म्हणजे उतारा समजला.’ ‘अफ्रेड’ दिसलं की ‘ऑफ’ लिहायचं, हे वाक्य न वाचताही जमतं. ‘कोण?’, ‘कुठलं?’, ‘आधी काय घडलं?’ हे विचारल्याशिवाय काही कळत नाही.

‘प्रेपोझिशन पक्की झाली की वाचन आपोआप सुधारतं.’ वाचनाचे अभ्यासक गफ आणि टनमर यांनी १९८६ साली मांडलं की वाचून समजणं हा अक्षरं उलगडणं आणि भाषा समजणं यांचा गुणाकार आहे; एक शून्य असेल तर उत्तर शून्य. ‘थ्रू’चं स्पेलिंग अक्षर-अक्षर जुळवत बसणारं मूल वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरलेलं असतं. त्याला कंस देऊन उपयोग नाही. त्याला आधी नवे शब्द सांगा, तोच उतारा तीनदा मोठ्याने वाचून घ्या आणि कंस चौथ्या वाचनाला करा.