‘सरांनी बडवलं म्हणून आम्ही घडलो’ या मेसेजला उत्तर

एक मेसेज वर्षातून दोन-तीनदा फिरत फिरत येतोच. शाळेच्या जुन्या ग्रुपवर कुणीतरी तो टाकतं आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागते. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा असा: ‘आमचे सर छडी घेऊनच वर्गात यायचे. कान पिळले, बाकावर उभं केलं, सगळ्यांसमोर ढ म्हणाले, म्हणून आज आम्ही माणसांत आहोत. शाबासकी दिली की मूल शेफारतं, एक ठेवून दिली की दुसऱ्या दिवशी उत्तर बरोबर येतं. हल्ली नुसते डोळे वटारले तरी म्हणे मनावर परिणाम होतो! धाक गेला आणि शिस्तही गेली. बाहेरचं जग काय गोंजारणार आहे? आम्हाला कुठे काय झालं?’

एका दमात म्हटलं की हे सगळं पटतं. म्हणून एकेक दावा सुटा काढून बघू.

‘बडवलं म्हणून घडलो.’ हे सांगतंय कोण, ते आधी बघा. ज्यांची शाळा पार पडली, ज्यांचं पुढे बरं चाललं आणि जे आज त्या ग्रुपवर आहेत, ते. सातवीत ज्यानं दप्तर टाकलं ते टाकलंच, तो ग्रुपवर नाही आणि त्याला कुणी शोधलेलंही नाही. शिवाय जे घडले त्यांच्या घरी कुणी अभ्यास घेणारं असेल, दुसऱ्या एखाद्या बाईंनी वाचनाची गोडी लावली असेल, मुळात स्वतःचीही काही अक्कल असेल. ते सगळं श्रेय छडीच्या खात्यावर. आणि त्याच छडीखालून जाऊन जे घडले नाहीत त्यांचा दोष मात्र त्यांच्याच माथी, ‘तो होताच तसला’. असा हिशेब मांडला की छडी कधी नापास होऊच शकत नाही.

शाबासकीनं शेफारतात आणि ओरडल्यावर सुधारतात, हा दावा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कितीतरी शिक्षक हे अगदी मनापासून सांगतात, कारण त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पुढे 2002 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांच्यासमोरही हाच आक्षेप आला होता. इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांना ते समजावत होते, की शिक्षेपेक्षा कौतुकानं माणूस चांगला शिकतो. एक मुरलेला प्रशिक्षक उठला आणि म्हणाला, माझा अनुभव नेमका उलटा आहे. एखाद्यानं कसरत झकास केली म्हणून पाठ थोपटली की पुढच्या वेळी तो हमखास घसरतो, आणि वाईट केली म्हणून झापलं की पुढच्या वेळी सुधारतो.

कानेमन यांनी वाद घातला नाही. जमिनीवर खडूनं एक खूण केली आणि प्रत्येकाला तिच्याकडे पाठ करून दोन नाणी मागे फेकायला सांगितली. पहिलं नाणं ज्यांचं खुणेच्या अगदी जवळ पडलं त्यांतल्या बहुतेकांचं दुसरं लांब गेलं. पहिलं लांब गेलेल्यांचं दुसरं बहुतेक वेळा जवळ आलं. इथे ना कुणी कुणाला झापलं होतं, ना शाबासकी दिली होती. कुठलीही कामगिरी कधी नेहमीपेक्षा चांगली होते, कधी वाईट, आणि पुढच्या खेपेला ती आपल्या सरासरीकडे सरकते. शिक्षक ओरडतात ते मुलाच्या सगळ्यात वाईट दिवशी. दुसरा दिवस बरा जाणारच असतो. श्रेय मिळतं आरडाओरड्याला आणि शिक्षकांची खात्री वर्षानुवर्षं घट्ट होत जाते. (पालकांचंही तेच होतं, पण तो विषय इथे नको.)

प्रत्यक्षात भीती डोक्याचं काय करते, तेही पाहण्यासारखं आहे. मार्क अ‍ॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी 2001 मध्ये गणिताची धास्ती असलेल्या मोठ्या माणसांना बेरजा घातल्या, आणि त्याच वेळी काही अक्षरंही ध्यानात ठेवायला सांगितली. धास्ती असलेले नेमके अडले ते हातचा घ्यायच्या बेरजांमध्ये. हातचा म्हणजे काही क्षण डोक्यात धरून ठेवायचा आकडा. ती जागा काळजीनं अडवली की आकडा निसटतो. आता फळ्यासमोर उभं केलेलं मूल आठवा. हातात खडू, मागे उभे असलेले सर आणि त्यांच्या हातातल्या पट्टीची मांडीवर पडणारी टपटप. त्या मुलाचं अर्धं लक्ष गणितात नसतंच, ते मागच्या पट्टीवर असतं. मग उत्तर चुकतं, आणि चुकलं म्हणून पट्टी बसते. याला कुणी शिकवणं म्हणत असेल तर म्हणो.

‘धाक नाही तर शिस्त नाही.’ अर्धं खरं आहे. धाकानं वर्ग गप्प बसतो, यात वाद नाही. प्रश्न आहे तो सर बाहेर गेल्यावर काय होतं याचा. कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी 1939 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग दहा-अकरा वर्षांच्या मुलांवर होता. मुखवटे बनवण्यासारखी कामं, आणि गटांना तीन तऱ्हांचे म्होरके. एक सगळं हुकमानं करवून घेणारा, एक मुलांशी बोलून ठरवणारा आणि एक नुसताच बसून राहणारा. हुकूम सोडणारा खोलीत असेपर्यंत काम भरपूर व्हायचं. तो बाहेर पडला की कोसळायचं. बोलून ठरवणाऱ्याच्या गटाला म्होरक्या आहे की नाही यानं फारसा फरक पडत नव्हता. आणि हेही सांगायला हवं, की नुसतं बसून राहणाऱ्याच्या गटाचं काम सगळ्यात कमी झालं. हुकमाखालच्या काही गटांत मुलं मलूल होऊन बसायची, काहींत आपापसांतल्याच एखाद्याला धरून छळायची.

याहून बोलका आहे तो व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांचा 2011 मधला अभ्यास. पश्चिम आफ्रिकेतल्या दोन खासगी शाळा. एकीत पेन्सिल विसरली तरी छडी, चिमटा, डोक्यात टप्पल, तेही सगळ्यांदेखत. दुसरीत मार नाही. तीन-चार वर्षांच्या मुलांना पाठमोरं बसवून, नुसत्या आवाजावरून खेळणं ओळखायला सांगितलं आणि ‘वळून बघायचं नाही’ असं बजावून मोठं माणूस बाहेर गेलं. बघितलं दोन्हीकडच्या बहुतेक मुलांनी. म्हणजे छडीनं मोह आवरला नाही. फरक पडला तो पुढे. ‘बघितलंस का?’ विचारल्यावर मार नसलेल्या शाळेत बघणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोडी जास्त मुलं खोटं बोलली, छडीच्या शाळेत जवळपास सगळी. ‘मग खेळणं कुठलं असेल?’ या पुढच्या प्रश्नालाही ही मुलं जास्त सफाईनं अजाण राहिली. चौथ्या वर्षी! त्याच संशोधकांनी या दोन्ही शाळांत मुलांचा स्वतःवरचा ताबा आणि विचार करण्याची क्षमताही तपासली. बालवर्गात छडी नसलेल्या शाळेची मुलं काही सरस नव्हती, पहिलीत मात्र ती स्पष्ट पुढे होती.

धाकानं मूल जे पक्कं शिकतं ते म्हणजे लपवायला. धडा न आलेला लपवायचा, शंका लपवायची, चूक लपवायची. माझ्या मते कठोर शिक्षकांचा खरा वारसा हा आहे. छडीचा वळ आठवड्यात जातो, ही सवय जात नाही.

म्हणूनच ‘बाहेरचं जग कठोर आहे, आतापासून सवय हवी’ हे पटत नाही. त्या कठोर जगात लागतं ते ‘मला समजलं नाही’ आणि ‘माझ्याकडून चुकलं’ हे वेळेत म्हणणं. एमी एडमंडसन यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका मोजल्या होत्या. अपेक्षा अशी, की चांगल्या चाललेल्या विभागात चुका कमी निघतील. निघाल्या जास्त! कारण तिथल्या परिचारिका चुका सांगत होत्या. जिथे वरिष्ठ फाडून खायचे, तिथे चुका कागदावर येतच नव्हत्या. चुकीचा डोस नोंदवला गेला नाही की पेशंटचं काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

‘हे हल्लीचे लाड आहेत.’ पहिल्या शतकातला रोमन शिक्षक क्विंटिलियन मुलांना मारण्याच्या साफ विरोधात होता. मारानं मूल कोडगं होतं, लाजेनं खचतं आणि शिक्षक नीट लक्ष देत असेल तर छडीची गरजच पडत नाही, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. हल्लीचं म्हणायचं असेल तर ते एवढं जुनं आहे.

राहिलं ‘आम्हाला कुठे काय झालं’. आमचे एक सर तपासलेले पेपर कमी मार्कांपासून वाटत सुटायचे. पहिलं नाव घेतलं की वर्गाकडे बघून थांबायचे, मग पेपर दोन बोटांच्या चिमटीत धरून पुढे करायचे. ज्याचं नाव ठरलेलं असायचं तो मुलगा पेपर घेताना हसायचा. वर्गही हसायचा, आणि मीही. आज तो उत्तम कामधंदा करतो, भेटला की सरांच्या नकला करून आम्हाला लोळवतो. मात्र कुठला फॉर्म भरायचा असेल तर तो मुलीकडे सरकवतो. चारजणांत खर्चाची विभागणी करायची वेळ आली की ‘तुम्हीच बघा, आपलं डोकं नाही चालत’ म्हणतो. धंद्याचा सगळा हिशेब तोंडी करणारा माणूस! त्याला विचाराल तर तोही म्हणेल, मला काही झालं नाही. ‘ढ’ हा शब्द त्यानं इतक्या लहानपणी आपला म्हणून घेतला, की तो आपल्याला बाहेरून चिकटवला होता हेच त्याला वाटत नाही. परिणाम झालाय का, हे ज्याच्यावर झाला त्यालाच विचारून कळत नसतं.

आणि त्या सरांबद्दल त्याला आदर आहे, हेही खोटं नाही. लहान मुलाला तो माणूस टाळता येत नव्हता. रोज ज्याच्यासमोर बसायचं तो आपल्या भल्यासाठीच करतोय, असं मानल्याशिवाय दिवस निघत नाहीत. पुढे हे मानणंच आठवण होऊन बसतं.

आता ‘मग काय डोक्यावर बसवायचं का?’ हा हमखास येणारा प्रश्न. नाही. नुसत्या बसून राहणाऱ्या म्होरक्याच्या गटाचं काय झालं ते वर आलंच आहे. 1975 मध्ये ज्युडिथ क्लाइनफेल्ड यांनी अलास्कातल्या आदिवासी मुलांना कोण नीट शिकवू शकतं याचा अभ्यास मांडला. ज्यांच्या हाताखाली ही मुलं पुढे गेली ते शिक्षक मायेचे होते आणि कामाच्या बाबतीत चिवटही. नुसते प्रेमळ कमी पडले, नुसते कडकही. अशा शिक्षकांच्या वर्गात सूट मिळत नाही. अपुरी वही परत येते, ‘हे पुन्हा कर आणि कुठे अडतंस ते मला दाखव’ या वाक्यासकट, आणि दुसऱ्या दिवशी ती वही खरोखर मागितली जाते. छडीपेक्षा हे जास्त वेळखाऊ काम आहे. एका वर्गात साठ मुलं कोंबून, वर परीक्षेच्या निकालाची टांगती तलवार ठेवून ते होणार नाही. तिथे पट्टी उगारणाऱ्या शिक्षकांची दमछाक मला समजते. पण मग भांडण त्या साठाच्या आकड्याशी करायला हवं.