‘सगळ्यांसाठी’ म्हणे! कोण हो हे सगळे?

विकायचंच नसेल तर दुकान मांडता कशाला? सरळ दारावर पाटी लावा, ‘येथे कपडे मिळत नाहीत, फक्त हुरहूर मिळेल.’ निदान माणसाची अर्धी रजा तरी वाचेल.

मॉलमधल्या एका ब्रँडनं एका बड्या डिझायनरचे कपडे परवडणाऱ्या भावात विकायला काढले होते, त्याची ही कथा. ब्रँडचं नाव लिहीत नाही. डिझायनरचंही नाही. नाव लिहिलं की ती पुन्हा त्यांचीच जाहिरात, आणि माझ्या खर्चानं त्यांची पुरेशी जाहिरात झालेली आहे. महिनाभर फोन उघडला की ती हडकुळी मुलगी, हळदी रंगाचं जॅकेट घालून कुठल्याशा पडक्या वाड्याच्या पायरीवर बसलेली. केस विस्कटलेले, पायात काही नाही, नजर अशी की आताच कोणी पोटभर रागावलंय. आणि खाली ओळ: ‘लक्झरी, आता सगळ्यांसाठी.’ ‘सगळे’ म्हणजे आम्ही. त्या डिझायनरच्या खऱ्या दुकानात शिरलो तर दारावरचा माणूस आधी आपल्या चपला बघतो, ते आम्ही.

काल सकाळी दहाला विक्री सुरू होणार होती. आदल्या रात्रीच ॲपमध्ये पत्ता, कार्ड, सगळं भरून ठेवलेलं. दहाला स्क्रीनवर एक गोल चक्र फिरायला लागलं आणि ‘तुमचा नंबर लवकरच येईल’. पुढे किती जण आहेत ते सांगायचं नाही. फोन खाली ठेवायचा नाही, मागे जायचं नाही, कोणाचा कॉल आला तर घ्यायचा नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी कॅमेरा बंद करून चक्राकडे बघत बसले. मग एकदम दार उघडलं. जॅकेट दिसलं. एम होतं! बॅगेत टाकलं, ओटीपी आला, भरला, आणि बँकेचा मेसेज आला की खात्यातून 6,499 रुपये गेले. आणि ॲपवर काय? ‘क्षमस्व! तुमच्या बॅगेतली वस्तू आता उपलब्ध नाही.’ वस्तू मला उपलब्ध नाही, माझे पैसे मात्र त्यांना उपलब्ध. त्या ‘क्षमस्व’च्या पुढे एक रडका चेहरा होता. पिवळा, एका डोळ्यात एक थेंब. तो तिथे टाकायची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याला मला एकदा समोरासमोर भेटायचंय.

तळपायाची आग मस्तकात गेली होती. हाफ डे टाकला आणि मॉल गाठला.

तिथे दाराशी दोर लावलेले. प्रत्येकाच्या मनगटावर कागदी पट्टा. आधी हिरवे पट्टेवाले, मग केशरी, मग निळे. मला निळा. एका गटाला आत दहा मिनिटं. पट्टे वाटणारा मुलगा माझ्या मुलापेक्षा जेमतेम दोन-चार वर्षांनी मोठा असेल, कानात वायर, आणि सारखा त्या वायरीत ‘ओके, कॉपी’ म्हणत होता. कपडे विकतोयस की विमानं उतरवतोयस रे?

केशरी गटात दोन पोरं होती. दोघांनाही लेडीज जॅकेटशी काडीचं देणंघेणं नव्हतं. एकाच्या हातात यादी, दुसऱ्याचा फोन व्हिडिओ कॉलवर. ‘भैया, एस कितने हैं? सब उठा.’ सब उठाया. ‘एका ग्राहकाला एका प्रकारचे दोनच नग’ अशी सुबक पाटी त्यांच्या डोक्यावर टांगलेली होती. त्यांनी त्या पाटीखालीच उभं राहून नग मोजले. बिल करणाऱ्या मुलीनंही खाली मान घालून केलं. तिचं तरी काय चुकलं? टार्गेट तिचं पुरं झालं ना.

निळ्यांचा नंबर लागला तेव्हा रॅकवर काय उरलं होतं ते ऐका. एक्सएक्सएस मापाची एक पँट, जी माझ्या दंडात गेली असती. डिझायनरचं नाव छापलेली कापडी पिशवी. आणि स्क्रंची. केस बांधायचं रबर हो! 899 रुपये! मी त्या वायरवाल्याकडे बघितलं. तो म्हणाला, ‘मॅम, स्क्रंची पण कलेक्शनचाच पार्ट आहे.’ माझे केस मानेच्या वर कापलेले आहेत. त्याला ते दिसत होते.

आणि तेवढ्यात बिलाच्या रांगेत एका बाईच्या हातात ते जॅकेट दिसलं. माझं हळदी जॅकेट. म्हटलं, जरा बघू का हो? तिनं आधी छातीशी घट्ट धरलं, मग माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, दिलं. मी बोट फिरवलं. टाके नव्हतेच. म्हणजे टाके होते, पण छापलेले! महिनाभर ज्या ‘हातशिलाईच्या परंपरेला मानाचा मुजरा’ चालला होता, त्या परंपरेचा फोटो काढून पॉलिस्टरवर छापला होता. प्रत्येक धाव-टाक्याच्या खाली करड्या रंगात त्याची सावलीसुद्धा छापलेली, म्हणजे लांबून उठाव आल्यासारखा वाटावा. एवढा कष्टाळू खोटेपणा मी जन्मात बघितला नव्हता. सावली काढत बसण्यापेक्षा खरा टाका लवकर झाला असता मेल्यांनो!

हे सगळं कळल्यावर, पॉलिस्टर हाताला लागल्यावर, सावली बघितल्यावर मी त्या बाईला काय विचारलं असेल?

‘आत अजून एम होतं का हो?’

हसा. मीसुद्धा पार्किंगमध्ये गाडीत बसून हसले. कोथिंबिरीची जुडी पाच रुपयांनी महाग लावली म्हणून मंडईत भाजीवाल्या मावशींशी कडाकडा भांडणारी बाई मी, आणि छापलेल्या टाक्यांसाठी निळा पट्टा मनगटाला बांधून मुकाट उभी होते. आतली अर्थतज्ज्ञ त्या वेळी कुठे कडमडली होती, देव जाणे.

पण हसून राग जातो थोडाच. घरी येईपर्यंत पुन्हा चढला, कारण इन्स्टाग्रामवर तेच जॅकेट. 17,000. ‘फिक्स प्राइस, फक्त सिरियस बायर्स.’ फोटो मॉलच्याच फूड कोर्टच्या टेबलावर काढलेला, कोपऱ्यात फ्रेंच फ्राइजचा डबा. घरी जाऊन चादर अंथरून फोटो काढण्याइतकाही दम नाही लोकांना!

बरं, हे आजचं नाही. एच अँड एम या स्वस्त कपड्यांच्या परदेशी साखळीनं 2004 मध्ये कार्ल लागरफेल्ड या बड्या फॅशन डिझायनरला आणलं तेव्हापासून या खुळानं जोर धरला. तेव्हाही माल चटकन संपला, आणि गंमत म्हणजे नंतर खुद्द लागरफेल्डच जाहीरपणे चिडला, माल एवढा थोडा का काढला म्हणून. पॅरिसच्या एवढ्या मोठ्या माणसाची आणि माझी तक्रार एकच! पण आमची मैत्री तिथेच संपते, कारण त्याची दुसरी तक्रार अशी की आपले कपडे मोठ्या मापांत शिवलेच का; ते म्हणे सडपातळ लोकांसाठी काढले होते. 2011 मध्ये अमेरिकेत टार्गेट नावाच्या दुकानसाखळीनं मिसोनी या महागड्या इटालियन ब्रँडचे कपडे आणले, वेबसाइट कोसळली. 2015 मध्ये एच अँड एमनं बालमां या फ्रेंच ब्रँडचे कपडे आणले त्या वेळी लंडनमध्ये लोक आदल्या रात्रीपासून रस्त्यावर बसले, दारात धक्काबुक्की झाली, आणि तेच कपडे ईबेवर कितीतरी पटींनी. वीस वर्षं झाली की. वीस वर्षांत यांना गिऱ्हाइकांचा अंदाज आला नाही? आलाय, चांगला आलाय. रांग हाच त्यांचा माल आहे. जॅकेट हे निमित्त. रांगेचा फोटो छापून आला की वर्षभर त्यांचे साधे टी-शर्ट खपतात, आणि त्या फोटोत फुकट उभे राहणारे आपण. मला तर मानधन हवं होतं खरं म्हणजे.

आपल्याकडचं डिझायनर सब्यसाचीचं प्रकरण आठवतंय ना? 2021 चा ऑगस्ट, पुन्हा एच अँड एम. 9,999 ची साडी. काही मिनिटांत सगळं साफ आणि लगोलग चढ्या भावानं पुन्हा विक्रीला. त्यावर हस्तकलेत काम करणाऱ्या संस्थांनी खुलं पत्र लिहिलं होतं की भारतीय कारागिरीच्या नावावर एवढा गाजावाजा, नक्षी राजस्थानातल्या सांगानेरच्या हातछपाईच्या वळणाची, पण कापड छापलं कारखान्यात. मग कारागिरांच्या हाताला काय मिळालं? उत्तरादाखल सब्यसाचीकडून बरंच काही आलं, आंतरराष्ट्रीय बाजारात भारतीय डिझाइन वगैरे. असेल. त्याच वर्षी जानेवारीत त्याच्या ब्रँडमधला 51 टक्के हिस्सा 398 कोटींना आदित्य बिर्ला फॅशनला द्यायचं ठरलं होतं, म्हणजे नावाचा भाव किती ते पेपरात आलेलंच होतं. सांगानेरमध्ये ओणवं होऊन ठसा मारणाऱ्या माणसाचा भाव मात्र काही पेपरात आला नाही.

एवढ्या देशांतल्या एवढ्या दुकानांत जाणारा माल हातानं छापून होणार नाही, हे मला कळतं. मी काही भोळी नाही. मग मुजरे करू नका ना! ‘कारखान्यात छापलंय, नाव डिझायनरचं आहे, घ्यायचं तर घ्या’ एवढं लिहा. घेणारे घेतीलच. (मी घेईन.)

आणि विषय निघालाच आहे तर, या दुकानांमध्ये बिल करताना फोन नंबर कशाला लागतो? चड्डी घ्यायला आलेय, कर्ज काढायला नाही. त्यांचंच नाव छापलेली कागदी पिशवी, तिचे पैसे आपल्याकडून. ट्रायल रूममध्ये डोक्यावर एकच पांढरा दिवा, ज्यात आपण कालच दवाखान्यातून सुटल्यासारखे दिसतो. पँटला बाहेरून खिसा दिसतो, बोट घालायला जावं तर शिवलेला. एक्सएल घ्यावं तर सहावीतल्या मुलीला होईल असं, आणि वर ‘मॅम, आमची फिटिंग युरोपियन आहे’. युरोपात काय माणसं जेवत नाहीत? तीन हजारांच्या टॉपला आत लेबल, ‘फक्त ड्राय क्लीन’. पुण्याच्या दुकानदाराला अख्ख्या महाराष्ट्रानं नावं ठेवली, एक ते चार दुकान बंद म्हणून. बाबांनो, तो निदान उरलेल्या वेळात साडी तरी दाखवायचा! कपाळाला आठ्या घालून, पण गादीवर पन्नास साड्या उलगडायचा. मनगटाला पट्टे नाही बांधले कधी लक्ष्मी रोडवर कोणी.

मुलगा म्हणतो, आई, पंधरा दिवस थांब, तुळशीबागेत येईल साडेसहाशेला. येईलच. तिथेही टाके छापलेलेच असतील, पण तिथला माणूस परंपरेबद्दल भाषण देणार नाही आणि घासाघीस केली तर पाचशेला देईल. नवऱ्यानं मात्र एकच प्रश्न विचारला, ‘तुझ्याकडे पिवळं जॅकेट आहे ना?’ पिवळं! हळदी आणि पिवळं एकच वाटणाऱ्या माणसाबरोबर संसार केलाय मी.

सासूबाईंना जाहिरातीतला फोटो दाखवला. चष्मा वर केला, खाली केला. ‘अगं, ही तर गोधडी,’ म्हणाल्या. ‘माळ्यावर आहेत की आपल्याकडे. माझ्या आईनं शिवलेल्या. खरे टाके आहेत. आणि पायरीवर अनवाणी का बसलीये ती? थंडी बाधेल.’ झालं. सहा हजार चारशे नव्याण्णव रुपयांचा निकाल लागला. त्या माळ्यावरच्या गोधडीचं जॅकेट शिवून घ्यावं असं क्षणभर मनात आलं, पण मग आमचा टेलर आठवला. दिवाळीचा ब्लाउज अजून ‘ताई, पुढच्या आठवड्यात नक्की’वर अडकलाय. त्याच्या हातात सासूबाईंच्या आईची गोधडी देण्यापेक्षा मी निळा पट्टा परत बांधेन.

राहता राहिले पैसे. ॲपच्या चॅटवर गेले. ‘नमस्कार! मी तुमची काय मदत करू?’ सांगितलं. ‘तुमची निराशा आम्ही समजू शकतो.’ नाही हो समजू शकत, तुम्ही मशीन आहात. माणूस द्या म्हटलं. बऱ्याच वेळानं माणूस आला, त्यानं पुन्हा सगळं पहिल्यापासून विचारलं, ऑर्डर नंबर मागितला. अहो, ऑर्डर झालीच नाही तर नंबर कुठला? तेच तर रडगाणं आहे! ‘मॅम, ऑर्डर नंबरशिवाय सिस्टिम उघडत नाही.’ शेवटी बँकेच्या मेसेजचा फोटो पाठवला, तेव्हा सिस्टिम उघडली आणि सात कामकाजाच्या दिवसांत पैसे येतील असं ठरलं. काढून घ्यायला त्यांना दोन सेकंद पुरले होते.

चॅट बंद करताना विचारलं, आमच्या सेवेला किती तारे द्याल? शून्याची सोयच नाही, एक तारा द्यावाच लागतो. दिला. त्याबद्दल आभार मानून त्यांनी दहा टक्के सवलतीचं कूपन पाठवलंय. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, डिझायनर कलेक्शन वगळून.