दुसरी चावी कपाटात ठेवू नका

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांब होणार आहे, आधीच सांगते.

सकाळी एका जवळच्या नातेवाइकांच्या नव्या गाडीच्या डिलिव्हरीला गेले होते. दादा आणि वहिनी, दोघांच्या पगारातून हप्ता जाणार, टॉप मॉडेल, ऑटोमॅटिक, बटन स्टार्ट म्हणजे चावी नुसती जवळ असली की बटन दाबून चालू होणारी, ड्रायव्हर सीटला मेमरी म्हणजे आपल्या मापाची सीट एकेका नंबराच्या बटनावर लक्षात ठेवणारी. दादा घरून काम करतो, आठवड्यातून एखाद्या वेळी बाहेर पडतो. वहिनी रोज पुण्यात धायरीहून मगरपट्ट्याला जाते येते. म्हणजे गाडी रोज कोण चालवणार हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. पूजा झाली, नारळ फुटला, चाकाखाली लिंबं ठेवली, ती पुठ्ठ्याची मोठी चावी हातात घेऊन फोटो झाले. मग शोरूमचा मुलगा फीचर्स समजवायला लागला आणि वहिनीला म्हणाला मॅडम तुम्ही मागं बसून लेगस्पेस बघा. आणि दादाला म्हणाला सर, एक नंबरला आपण तुमची सिटीची पोझिशन सेट करू, दोन नंबरला हायवेची. झालं. दोन्ही नंबर दादाचे. वहिनी मागच्या सीटवर पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन बसलेली. खरी चावी, दोन्हीच्या दोन्ही, दादाच्या हातात. त्यातली एक त्यानं खिशात टाकली आणि दुसरी पिशवीतून न काढताच म्हणाला ही कपाटात जाणार, इमर्जन्सीला.

मी तिथंच बोलले. सगळे हसले. म्हणून आता इथं लिहितेय. दादा वाचेल, वाचू दे.

कारण ती कपाटातली चावी काय करते हे मी भोगलंय. गेल्या वर्षी पावसाळ्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीला न्यायचं होतं. आई कल्याणीनगरला राहते, आम्ही पौड रोडला. नवऱ्याचं त्याच सकाळी बंगळुरूचं विमान, म्हणून ठरलं की त्याला लोहगावला सोडायचं आणि मी तशीच पुढं आईकडं जायचं. गाडी तो चालवत होता. चावी त्याच्या पँटच्या खिशात. एअरपोर्टला तुम्हाला माहितीये गाडी दोन मिनिटं उभी करू देत नाहीत, शिट्ट्या चालू, मागून हॉर्न चालू, गाडी चालूच ठेवून तो उतरला, डिकीतून बॅग घेतली आणि पळाला. मी पलीकडून येऊन बसले तर सीट त्याच्या मापाची, माझे पाय ब्रेकला पोचेनात, बटन दाबून दाबून सीट पुढं घेतेय आणि ती आपली सावकाश सरकतेय, आरशात मागच्या गाडीऐवजी आभाळ दिसतंय, आणि तो सिक्युरिटीवाला काचेवर टकटक करतोय. तेवढ्यात गाडीनं बीप केला. पण ती बेल्टला पण बीप करते, दार नीट लागलं नसलं तरी बीप करते. चावी खिशात बसून विमानतळाच्या आत गेली आणि गाडी माझ्याबरोबर निघाली.

आता कोणी म्हणेल चावीशिवाय गाडी चालली कशी? चालते. चालू झालेली गाडी चावी सापडली नाही म्हणून मधेच बंद पडत नाही, आणि पडू पण नये, उद्या नगर रोडवर ट्रकच्या पुढं बंद पडली तर? म्हणून ती फक्त सांगते आणि चालत राहते. एकदा बंद केली की मात्र परत चालू होत नाही.

मी ती आईच्या बिल्डिंगच्या गेटसमोर बंद केली. बरोब्बर गेटसमोर, कारण आईच्या डोळ्याला काळा चष्मा, पाऊस, तिला चार पावलं कमी चालायला लागावं म्हणून. उतरून हँडलवरचं बटन दाबलं तर लॉक होईना. परत आत बसले, स्टार्ट दाबलं तर स्क्रीनवर चावी सापडत नाही. नवऱ्याला फोन लावला तर फोन बंद, विमानात. गाडी पार्कमध्ये, आणि आमची गाडी चावीशिवाय पार्कमधून न्यूट्रलला जात नाही, म्हणजे ढकलून बाजूला पण घेता येत नाही. आतून एकाला ऑफिसला निघायचंय, बाहेरून स्कूल व्हॅनला आत यायचंय. उघडी गाडी गेटात सोडून मी जाऊ कशी? आणि आई वर दारात तयार होऊन उभी.

शेवटी शेजारच्या काकू तिला घेऊन रिक्षानं गेल्या. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, पट्टी काढायची वेळ, आणि मी, तिची मुलगी, खाली गाडीची राखण करत बसलेली. रिक्षात बसताना म्हणाली, तू नको काळजी करू गं, काकू आहेत. ती मला समजावत होती.

मुलाला फोन केला. त्याला दुसरी चावी शोधायला किती कपाटं उघडावी लागली! सापडली ती गाडीच्या कागदांच्या फाइलमागं, शोरूमच्याच प्लास्टिकच्या पिशवीत, गाडी घेतली तेव्हापासून कोणी हात न लावलेली. पावसात टू व्हीलर नको म्हटलं, तर तो वनाजहून मेट्रोनं कल्याणीनगरला आला. मेट्रो नसती तर नळस्टॉप, डेक्कन, बंडगार्डन करत कधी आला असता देव जाणे. आणि चावी आली तर तिचं बटन चालेना! आतला सेल मेलेला. तो सीआर २०३२ नावाचा नाण्यासारखा सेल असतो, चावी वापरा नाहीतर कपाटात ठेवा, तो दोन-चार वर्षांत संपतोच. चावी रोज हातात असली की गाडी वेळेवर सांगते की सेल कमी झालाय. कपाटातल्या चावीबद्दल गाडी काय सांगणार?

मी मॅन्युअल वाचलेलं होतं म्हणून निभावलं. सेल मेला तरी चावीत एक चिप असते, तिला सेल लागत नाही, चावी स्टार्टच्या बटनाला टेकवून धरली आणि ब्रेक दाबून चालू केली तर बऱ्याच गाड्या चालू होतात. आणि त्या फोबच्या, म्हणजे बटनवाल्या चावीच्या, आत एक लोखंडी पात्याची चावी लपवलेली असते, दार उघडायला. हे दोन्ही तुमच्या घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहिती पाहिजे. प्रत्येकाला म्हणजे प्रत्येकाला, फक्त ज्याच्या नावावर गाडी आहे त्याला नाही.

हे लिहिताना वहिनीचा मेसेज आला. ताई सोड ना, तो म्हणतो तेच बरोबर असेल, मी उशी घेते की पाठीमागं.

आता मला जास्त राग येतोय.

जुन्या गाडीत ती इतकी वर्षं पाठीमागं उशी घेऊनच चालवायची. कारण दादाला सीट हललेली आवडत नाही, परत सेट करायला लागते म्हणून. पाच फुटांची बाई सहा फुटाच्या माणसाच्या सीटवर उशी लावून धायरी ते मगरपट्टा करते आणि आपण सगळे ते बघत आलो. अरे, उशी म्हणजे सीट नाही. जोरात ब्रेक मारला की ती सरकते, आणि बेल्ट तुमच्या अंगाला धरून बसायला पाहिजे तो बसत नाही. एअरबॅगचं पण तसंच. छातीपासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत साधारण पंचवीस सेंटिमीटर अंतर पाहिजे असं अमेरिकेतली रस्ता सुरक्षेची सरकारी संस्था सांगते, कारण एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुटते, फार जवळ बसलेल्याला तिचाच मार लागतो. बुटक्या माणसाला ते अंतर जमवायला सीट वर घ्यावी लागते, पाठ थोडी मागं टेकवावी लागते, स्टिअरिंग खाली-वर करावं लागतं, आणि पाय तर पोचले पाहिजेत. हे जमायला वेळ लागतो. एकदा जमलं की तेच परत परत मिळावं म्हणून तर मेमरीचं बटन दिलंय! आपल्याकडं १ जुलै २०१९ पासून नव्या गाडीत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. पण ती कोणत्या ड्रायव्हरसाठी? समोर जो बसलाय त्याच्यासाठीच ना?

सीट म्हणजे चष्म्याच्या नंबरसारखी आहे. नवऱ्याचा चष्मा घालून गाडी चालव असं कोणी बायकोला म्हणतं का?

आणि जमलेली सीट गाडीच्या लक्षात ठेवून द्यायला दहा सेकंद लागतात हो. आपल्या मापानं बसा, आरसे लावा, सेट दाबा, आपला नंबर दाबा, बीप झाला की झालं. काही गाड्यांत आरसे पण त्यातच लक्षात राहतात, काहींत फक्त सीट, ते विचारून घ्या. आणि काही गाड्यांत नंबर चावीला जोडता येतो, म्हणजे ज्याची चावी जवळ आली त्याची सीट आपोआप लागते. गाडी दारापाशी कमी ताकदीचा एक सिग्नल सोडत असते, मीटरभर अंतरात चावी असली की चावी उत्तर देते की मी आहे, आणि गाडी ओळखते की कोणती चावी आहे. किती छान सोय आहे! पण घरात एकच चावी फिरत असली तर गाडीच्या लेखी घरात एकच माणूस आहे. वहिनी बसली तरी गाडीला वाटणार दादाच आला, आणि सीट मागं.

दोघं बरोबर जाताना दोन्ही चाव्या जवळ असल्या की गाडीचा गोंधळ होतो, हे खरंय, कधी कधी शेजारी बसणाऱ्याची सीट लागते. मग आपला नंबर दाबायचा. एवढंच. पण गाडी उभी असतानाच, चालत्या गाडीत बहुतेक मेमरी चालतच नाही. आणि अजून एक, काही गाड्यांत गाडी बंद केल्यावर उतरायला सोपं जावं म्हणून सीट आपोआप मागं जाते, ते मागं म्हातारं माणूस बसत असेल तर बंदच करून टाका. आमच्याकडं मागं सासूबाई बसतात, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पहिल्यांदा ती सीट मागं आली तेव्हा त्या केवढ्या घाबरल्या होत्या.

दादाचं म्हणणं काय, की दोन्ही चाव्या बाहेर फिरल्या तर एक हरवेल, आणि ही चावी महाग असते. बरोबर आहे, महाग असते. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी क्लेमला दोन्ही चाव्या मागते, हे पण बरोबर, माहितीये मला. चोर यंत्र वापरून घरातल्या चावीचा सिग्नल गाडीपर्यंत नेतात, तेही होतं, बंगल्यात राहणाऱ्यांनी चावी दाराशेजारच्या खुंटीला लावू नये. मान्य. पण हरवेल म्हणून बायकोच्या हातात चावी द्यायची नाही? ती रोज घराची चावी सांभाळते, ऑफिसचं कार्ड सांभाळते, पोराची औषधं सांभाळते, हीच एक हरवणार?

आता हे लिहून थोडी शांत झालेय, तर नवऱ्याबद्दल पण लिहायला पाहिजे. तो वाईट नाही हो. त्या दिवशी बंगळुरूला उतरल्यावर फोन चालू केला तर माझे इतके मिसकॉल, त्याला आधी वाटलं आईला काही झालं. रात्री परत परत सॉरी म्हणत होता. दुसऱ्या दिवशी आईला पण फोन केला. आईचा डोळा छान झाला, आता पेपर वाचते. पण मला अजून ती रिक्षा दिसते, बाजूचं प्लास्टिक खाली ओढलेलं आणि आत काळा चष्मा घातलेली आई, आणि मी छत्री घेऊन गाडीच्या दाराशी. तपासणीला तिच्याबरोबर मी पाहिजे होते. त्याचं काही भरून येत नाही.

त्यानंतर आमच्या घरात ठरलं. एक चावी त्याची, एक माझी. माझी माझ्या पर्समध्ये, गाडी तो चालवणार असला तरी. एक नंबर माझा, कारण रोज मी चालवते. दोन त्याचा. गाडीची अदलाबदल करायची असेल तर गाडी बंद करायची, ज्याला पुढं न्यायचीये त्यानं स्वतःच्या चावीनं चालू करायची, मग मागून कितीही हॉर्न वाजू देत. सर्व्हिसिंगहून गाडी आली की दोन्ही नंबर तपासायचे, बॅटरी काढली असेल तर काही गाड्यांत पुसलं जातं.

आता मुलाला कारचं लायसन्स मिळालंय. तिसरं बटन त्याचं, ते त्यानं सेट पण केलं. पण चाव्या दोनच. तिसरी करायची तर कंपनीच्या वर्कशॉपला गाडी न्यावी लागते, जुन्या दोन्ही चाव्या बरोबर न्याव्या लागतात कारण सगळ्या एकदम प्रोग्राम करतात. नवरा म्हणतो कशाला एवढा खर्च, तो माझी नेईल की. मी शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीये.