आधी रॅम तपासा, मग फॉरमॅटला हात लावा

संगणक वारंवार बंद पडतो अशी तक्रार घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेले की कॅबिनेट उघडून पाहण्याआधीच ‘विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारूया’ असे सांगण्याची जी पद्धत आपल्या कोल्हापुरात सर्रास पडली आहे, तिची मला आता मनस्वी चीड आली आहे. रॅम (चालू काम तात्पुरते धरून ठेवणारी संगणकाची मेमरी) खराब असताना फॉरमॅट मारणे, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवणे, हा केवळ निरुपयोगी उपाय नसून ग्राहकाच्या कामाचे नुकसान करणारा उपाय आहे, आणि जो माणूस दुरुस्तीचे पैसे घेतो त्याला एवढे माहीत नसणे अक्षम्य आहे.

माझे काम डीटीपीचे, म्हणजे संगणकावर छपाईची पाने मांडण्याचे आहे. जुलै ते सप्टेंबर हा आमचा हंगाम, कारण सहकारी संस्थांना ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा घ्यावी लागते आणि करवीर, कागल, पन्हाळा या तालुक्यांतल्या दूध संस्था, पतसंस्था आणि सेवा सोसायट्या आपापले अहवाल घेऊन एकाच वेळी दारात उभ्या राहतात. नेमक्या याच दिवसांत मशिनवर निळा स्क्रीन येऊ लागला. एकदा ‘मेमरी मॅनेजमेंट’, पुढच्या वेळी ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, त्यानंतर ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल’, असा दरवेळी संदेश वेगळा. संदेश असे बदलत राहतात तेव्हा रॅमवर संशय घेणे ही या धंद्यातली प्राथमिक गोष्ट आहे. सदोष ड्रायव्हरमुळेही (हार्डवेअर चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममुळेही) असे होते हे मान्य, पण मग दोन्ही शक्यता तपासायला नकोत का? दुकानदाराने माझ्या मोबाइलमधले फोटो पाहिले, मान डोलावली आणि फॉरमॅट मारला. थोड्याच दिवसांत तीच रड पुन्हा सुरू झाली, तेव्हा ‘व्हायरस असणार बघा’ असे म्हणून आणखी एकदा फॉरमॅट मारला. पैसे दोन्ही वेळा घेतले.

या काळात फाइल्सचे जे झाले ते पाहून कोणाचाही संयम सुटेल. छपाईसाठी पाठवलेली अहवालाची झिप फाइल उद्यमनगरातल्या प्रेसमध्ये उघडेना, तिथे सीआरसी एरर, म्हणजे फाइलमधला मजकूर बिघडल्याची सूचना, येत होती. शेवटी मीच एक मोठी फाइल त्याच डिस्कवर पुन्हापुन्हा कॉपी केली आणि प्रत्येक प्रतीचा हॅश (फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा ओळखआकडा) काढला, तर प्रती एकमेकींशी जुळेनात. डिस्कवरून रॅममध्ये आणि रॅममधून परत डिस्कवर जाताना मध्येच कुठेतरी बिट उलटत होता, म्हणजे ० चा १ किंवा १ चा ० होत होता, आणि यंत्र कोणतीही सूचना न देता ती बिघडलेली प्रत जतन करून मोकळे होत होते. निळा स्क्रीन परवडला, कारण तो निदान दिसतो.

संस्थेचा अहवाल म्हणजे आकडे असतात. युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला संगणकात ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) देवनागरी ४ आणि ८ यांच्या संकेतांकांत फक्त एका बिटाचा फरक आहे, ४ आणि ५ यांच्यातही एकाच बिटाचा. तो बिट उलटला तर ताळेबंदातली चार लाखांची ठेव आठ लाखांची होऊ शकते, फाइल व्यवस्थित उघडते, शुद्धलेखनाच्या तपासणीत काहीही सापडत नाही, आणि भर सभेत सभासद उभा राहून जाब विचारतो तो सचिवांना. या भीतीने मी हातातले सगळे अहवाल मूळ कागदांशी अंकन्अंक पुन्हा ताडून पाहिले. हंगामाच्या ऐन भरात गेलेल्या त्या रात्रींची भरपाई कोणते दुकान देणार आहे?

फॉरमॅटने हे सुटणार नव्हतेच. विंडोज नव्याने बसवताना तिच्या दाबून भरलेल्या फाइल्स रॅममध्येच सुट्या होतात आणि तिथून डिस्कवर लिहिल्या जातात, त्यामुळे खराब रॅममधून गेलेली नवी विंडोज पहिल्या दिवसापासूनच सदोष असू शकते. मग ती काही दिवस बरी का चालते, तर डीरॅमचा, म्हणजे या पट्ट्यांवरच्या मेमरी चिपचा, प्रत्येक सेल म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि एक अतिसूक्ष्म कपॅसिटर असतो, त्यातला विद्युतभार सतत गळतो आणि साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. १६ जीबीमध्ये असे १३७ अब्जांहून अधिक सेल असतात. त्यांतले मूठभर निकामी असतील तर त्या जागी त्या क्षणी काय येऊन बसले आहे यावर सगळे अवलंबून राहते; कधी ती जागा रिकामी असते, कधी छायाचित्राचा एखादा ठिपका तिथे असतो आणि कधी विंडोजचा गाभाच. म्हणून ‘आमच्याकडं दिवसभर चाललं की’ या उत्तराला काडीचाही अर्थ नाही. दुकानात मशिन नुसता डेस्कटॉप दाखवत उभे असते, माझ्याकडे त्यावर अडीचशे पानांचा अहवाल आणि मुखपृष्ठाची भली मोठी फाइल एकाच वेळी उघडलेली असते.

तपासणी अवघड नाही आणि तिला खर्चही नाही, म्हणून तर जास्त राग येतो. मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम फुकट मिळतो. तो पेन ड्राइव्हवर टाकायचा, त्यावरून मशिन बूट करायचे आणि रात्रभर चालू ठेवायचे. विंडोजमध्येही मेमरी डायग्नोस्टिक नावाची चाचणी आयती असते, पण ती निर्दोष आली तेवढ्यावर विसंबू नये. चांगल्या रॅममध्ये चुका शून्यच यायला हव्यात, ‘एक-दोन एरर चालतात’ हे धादांत खोटे आहे. एरर दिसली की बायोसमध्ये (मशिन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन आधी एक्सएमपी ही रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग बंद करायची, कारण डीडीआर४ प्रकारच्या रॅमचे प्रमाणित व्होल्टेज १.२ असताना तिच्या अनेक पट्ट्या एक्सएमपीखाली १.३५ व्होल्टवर वाढीव वेगाने चालवल्या जातात आणि निव्वळ त्या वेगामुळेही चुका होऊ शकतात. तरीही एरर राहिली तर मदरबोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या स्लॉटमध्ये (चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा) एकच पट्टी ठेवून चाचणी लावायची, मग ती काढून त्याच स्लॉटमध्ये दुसरी. एरर पट्टीबरोबर फिरली तर पट्टी खराब. दोन्ही पट्ट्यांना एकाच स्लॉटमध्ये आली आणि इतरत्र आली नाही तर स्लॉट किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमधली वाकलेली पिन पाहायची. माझ्याकडची एक पट्टी रात्रभर स्वच्छ राहिली. दुसरी लावताच पहिल्याच फेरीत स्क्रीन लाल ओळींनी भरला. सदोष जागांचे पत्ते एकमेकांच्या आसपासचे, आणि प्रत्येक ओळीत अपेक्षित व प्रत्यक्ष आकड्यांमध्ये फरक तोच एका बिटाचा. हे निदान दुकानात व्हायला हवे होते.

त्याऐवजी तिथे खोडरबर हातात घेतला जातो. पट्टी काढायची, सोनेरी संपर्कांवर रबर घासायचा, परत बसवायची आणि ‘झालं’ म्हणायचे. आपल्याकडच्या पावसाळ्यातल्या दमट हवेत धूळ आणि ओल यांचा थर बसतो, तो निघाल्याने किंवा पट्टी नुसती नीट दाबून बसल्याने मशिन कधी कधी सुरू होते, हे खरे आहे. पण चिपच्या आतला सेल मेला असेल तर बाहेरून कितीही घासले तरी तो जिवंत होत नाही, आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडून नवीन दुखणे सुरू होते ते वेगळेच.

राग फक्त दुकानावर नाही. चूक स्वतः ओळखून दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी कित्येक दशकांपासून अस्तित्वात आहे. ६४ बिटांमागे ८ जादा बिट ठेवून ती एका बिटाची चूक सुधारते आणि दोन बिटांची चूक निदान कळवते. गूगलच्या सर्व्हरवरच्या अडीच वर्षांच्या नोंदी तपासून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षाकाठी ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांमध्ये चुका आढळल्या होत्या. तरीही ही सोय प्रामुख्याने सर्व्हर आणि वर्कस्टेशनसाठी राखून ठेवली जाते आणि घरगुती व छोट्या धंद्याच्या डेस्कटॉपला ती सहसा मिळत नाही. लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांनी जानेवारी २०२१ मध्ये प्रोसेसर बनवणाऱ्या इंटेल कंपनीच्या या धोरणावर जाहीर तोफ डागली होती, आणि मी त्यांच्याशी शब्दन्शब्द सहमत आहे. ताळेबंद सर्व्हरवरच बनतात असे कोणी ठरवले?

वॉरंटीचीही तीच तऱ्हा. खोक्यावर ‘लाइफटाइम’ असे ठळक छापलेले असते, पण एक पट्टी खराब निघाली तरी जोडी म्हणून घेतलेल्या दोन्ही पट्ट्या पाठवा, मूळ बिल जोडा आणि बदली येईपर्यंत वाट पाहा, असे सांगण्यात आले. म्हणजे चांगली पट्टीही हातची गेली आणि हंगाम अडू नये म्हणून नवी रॅम पदरमोड करून घ्यावी लागली.

दुकानात मी मेमटेस्टच्या लाल ओळींचे फोटो नेऊन दाखवले आणि दोन्ही फॉरमॅटचे पैसे परत मागितले. ‘काम केलंय की आम्ही’ असे उत्तर मिळाले. काम झालेले नाही, बिघाड जिथे होता तिथे कोणी पाहिलेसुद्धा नाही, आणि हे मी त्यांना लेखी दिले आहे. पैसे हातात पडेपर्यंत मी तगादा सोडणार नाही.