कार्यालयांच्या खेपा हाच या नाटकाचा गाभा

एकट्या आईवर बेघर होण्याची वेळ येते, त्या नाटकाचा उत्तरार्ध कार्यालयांच्या खेपांमुळे रेंगाळतो, असे आपण परीक्षणात म्हटले आहे. मला मात्र तोच भाग सर्वांत खरा वाटला. सासरच्यांनी घराबाहेर काढलेली बाई लेकीसह बसस्थानकावर रात्र काढते आणि सकाळी भाड्याची खोली पाहायला जाते, तेव्हा घरमालक पहिल्यांदा विचारतो, "तुमचे मालक काय करतात?" हा प्रश्न आमच्या खान्देशात, यावल तालुक्यातील गावी, एका परित्यक्ता बाईला विचारलेला मी स्वतः ऐकला आहे. कापूस वेचणीच्या किलोमागच्या मजुरीवर ती दोन मुलांना जगवत होती, वेचणी संपली की केळीच्या बागेत जात होती, आणि नाव मात्र नवऱ्याच्याच शिधापत्रिकेवर अडकलेले होते. संजय गांधी निराधार योजनेचे दरमहा १५०० रुपये परित्यक्तांनाही मिळतात, पण त्यासाठी वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. ज्या बाईला पत्ताच उरलेला नाही, तिने तो आणावा कुठून? दाखल्यांची प्लास्टिकची पिशवी आमच्या गावची ती बाई पोलक्यात जपायची, आणि घामाने मऊ पडलेले ते कागद मला अजून दिसतात.

एका गोष्टीची खंत वाटते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १७ नुसार, घर नावावर नसले तरी सामायिक घरात, म्हणजे सासरच्यांसोबत राहत होती त्या घरात, राहण्याचा अधिकार नाटकातल्या बाईला आहे. हे कळल्यावर ती त्या घरात परत गेली असती का, हा प्रश्न रंगमंचावर यायलाच हवा होता.